कागदावर नसलेली गच्ची

धुळ्याला मी याआधी दोनदाच गेले होते. एकदा मावसबहिणीच्या लग्नाला आणि एकदा आईला दवाखान्यात दाखवायला. दोन्ही वेळा कोणीतरी बरोबर होतं, तिकीट कोणीतरी काढलं होतं आणि कुठे उतरायचं हे मला ठरवावं लागलं नव्हतं. या वेळी मी एकटी होते, मांडीवर काचपट्ट्यांचा डबा होता आणि धुळ्याहून पीएचडीची जागा मिळवूनच परत यायचं होतं. नाही मिळाली तर काय, हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात मी एम.एस्सी. झाले एवढंच लोकांना ठाऊक आहे. त्याच्यापुढे काही असतं हे काही वर्षांपूर्वी मलाही ठाऊक नव्हतं.

या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना यात वाचण्यासारखं काही सापडणार नाही कदाचित. पण आमच्यासारख्या घरांतून जी मुलं-मुली पहिल्यांदाच अशी एखादी वस्तू मांडीवर घेऊन निघतील, त्यांना उपयोग झाला तर होईल, म्हणून लिहिते आहे.

जळगाव

माझे सर, महाजन सर, या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. ते पदार्थविज्ञान शिकवतात आणि संशोधन करतात ते पातळ थरांवर. म्हणजे काचेच्या पट्टीवर एखाद्या पदार्थाचा इतका पातळ थर चढवायचा की डोळ्यांना जेमतेम दिसावा. सरांच्या थराला अमोनिया वायूचा वास लागतो. जवळ अमोनिया आला की थरातून जाणारी वीज बदलते. आमच्याकडे शीतगृहं बरीच, त्यांच्या नळ्यांतून अमोनिया गळला तर माणसं गुदमरतात. स्वस्तात गळती ओळखता यावी, हे सरांच्या डोक्यात पहिल्यापासून होतं.

सरांच्या नोकरीची सुरुवात एका खोलीत झाली. त्या खोलीत एक टेबल आणि मोडका तराजू होता. भट्टी त्यांनी स्वतः विटा आणि कॉइल आणून बांधली. द्रावण ढवळायला टेपरेकॉर्डरची मोटर लावली. ती अजून चालते, फक्त सुरू करताना एक टपली मारावी लागते. नवीन विद्यार्थी आला की सर त्याला आधी नुसत्या काचा धुवायला लावायचे. मीही धुतल्या. पाणी काचेवर थेंब न होता सरळ पसरलं की सर म्हणायचे, "आता बोलू आपण." कौतुक म्हणून एवढंच.

सर निवृत्त झाल्यावर मला मार्गदर्शक उरत नव्हता. धुळ्यात, देवपूरच्या एका महाविद्यालयातल्या देसले मॅडमकडे एक जागा होती. त्यांनी फोनवर सांगितलं, "सरांकडे केलेल्या काचा आण. पण त्या बघून मी निर्णय घेणार नाही. इथे येऊन, आमच्या सामानात, आमच्यासमोर नवा थर करून दाखव. जमला तर बोलू."

सरांना ते सांगितलं तेव्हा ते हसले. "कर की. स्वयंपाक येणाऱ्याला कोणाच्याही घरात स्वयंपाक येतो."

मला ते तेव्हा पटलं होतं.

एरंडोल, पारोळा

डिसेंबरची सकाळ होती. बसच्या खिडक्या नीट लागत नव्हत्या आणि सगळे जण शालीत, मफलरीत गुंडाळून बसले होते. जळगाव सोडल्यावर काही अंतर केळीच्या बागा दिसतात, मग कापूस सुरू होतो. वेचणी होत आली होती, शेवटची बोंडं झाडांवर चिकटून राहिली होती. ओळखीचं दिसत होतं तोवर बरं वाटत होतं.

एरंडोलला शेजारी एक मारवाडी आजोबा येऊन बसले. त्यांचं धुळ्यात कापडाचं दुकान, लेकीकडून परत चालले होते. त्यांनी माझ्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं.

"फराळाचं आहे का, बेटा?"

"नाही काका, काचा आहेत."

"आरशाच्या?"

"साध्याच. त्यांच्यावर एक थर आहे." मी झाकण उघडून एक पट्टी उजेडात धरली.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मला तर काय दिसत नाही."

"फार पातळ असतो तो."

"अगं पण मग गिऱ्हाईकाला काय दाखवणार तू?"

पुढच्या सीटवरचा माणूस हसला. मीही हसले. "त्या गिऱ्हाईकाकडे मशीन आहे, काका. मशीनला दिसतं."

"आणि मशीन म्हणालं, माल नाही, तर?"

ते गमतीनेच म्हणाले. नंतर त्यांनी मला मेथीचा खाकरा दिला आणि आपल्या नातवाला कोणत्या शाखेला घालावं ते विचारलं. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पारोळ्याला बस थांबली तेव्हा सगळे भजी खायला उतरले. मी उतरले नाही. डबा सीटवर ठेवून जायची भीती वाटली आणि तो हातात धरून भजी कशी खायची तेही कळेना. गाडी सुटताना कंडक्टर म्हणाले, "ताई, तो डबा वर रॅकवर टाका ना." "टाका" हा शब्द ऐकूनच मी तो पोटाशी धरला.

देवपूर

पांझरा नदीला पाणी थोडंच होतं. पूल ओलांडला की देवपूर लागतं. शाळा, क्लासेस, झेरॉक्सची दुकानं, सायकलवरून जाणारी मुलं. इथे आईची चुलत बहीण राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. सामान तिच्याकडे ठेवून मी थेट महाविद्यालयात गेले.

तिथे प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून आतल्या रबरी सपाता घालायच्या असतात. आमच्याकडे तसं नाही. मी चपलांसह आत गेले आणि कोणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, चपला!" मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं ते असं.

आत सगळं पांढरं आणि स्वच्छ होतं. कोपऱ्यात धूर ओढून घेणारं काचेचं मोठं कपाट होतं, आत पंखा फिरत होता. अमोनियाची बाटली त्या कपाटातच उघडायची, असा नियम. आमच्याकडे असं कपाट नाही. अमोनिया उघडला की आम्ही सगळे डोळे पुसत बाहेर पळतो.

देसले मॅडम पन्नाशीच्या असतील. भरभर बोलतात, ऐकताना मात्र अजिबात हलत नाहीत. त्यांनी माझ्या काचा यंत्राखाली पाहिल्या आणि म्हणाल्या, "थर चांगला आहे. आता इथे कर."

मी केला. सरांच्या कृतीच्या कागदावर जसं लिहिलं आहे अगदी तसं. जस्ताचा क्षार तोलला, पाण्यात विरघळवला, कपाटात अमोनिया थेंबाथेंबाने घातला, काचा उभ्या सोडल्या आणि बीकर कपाटातच राहू दिला. बीकर दुधाळ झाला. दुपारी काचा बाहेर काढून नळाखाली धरल्या, आणि थर पाण्याबरोबर वाहून गेला. सिंकमध्ये नुसती पांढरी भुकटी.

मॅडमचा नीलेश नावाचा संशोधक विद्यार्थी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "पीठ छान पडलंय. भाकरी होतील दोन."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या पुन्हा कर," एवढंच बोलल्या.

संध्याकाळी मी अक्काच्या अंगणातून सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. पाणी कोणतं घेतलं? क्षार जुना आहे का? काच कशी धुतली? मी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी म्हणाले, "घाई केली असशील. परक्या ठिकाणी होतं तसं. उद्या सावकाश कर."

अक्काने वांगी भाजून भरीत केलं होतं, वर कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एरवी मी दोन खाते.

"काय वं, आंग दुखस का? जेवत का नही?"

"नाही अक्का, भूक नाही."

"परीक्षा शे का तुनी?"

"तसंच समज."

"मंग पोट भरीसन जा. उपाशी माणूसले काय येस?" असं म्हणून तिने अर्धी भाकरी आणखी वाढली. आमच्या घरात हिच्याएवढं स्पष्ट कोणी बोलत नाही. मी ती कशीबशी संपवली.

दुसऱ्या दिवशी मी सगळं अगदी हळूहळू केलं. काचा इतक्या धुतल्या की बोटं बधिर झाली. पुन्हा भुकटी.

सिंकपाशी मी उभीच राहिले. परत जाऊन वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवायला लागले होते. मॅडम आल्या, त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "बस. आता हात लावू नको कशाला. तुमच्या प्रयोगशाळेत तू सकाळपासून काय काय करतेस ते बोलून सांग. कागदावरचं नको, जे करतेस ते सांग."

मी सांगू लागले. तराजू. पाणी. ढवळायच्या मोटरला टपली. नीलेश हसला. मी पुढे सांगितलं, "मग अमोनिया घालायचा आणि बीकर घेऊन पळत गच्चीवर जायचं."

"गच्चीवर?" मॅडमनी विचारलं.

"हो. वास असतो ना. आमच्याकडे हे कपाट नाही. सर म्हणतात, वास गच्चीवर जाऊ दे, आपण खाली राहू. तिथे एक काळा पत्रा आहे, त्यावर बीकर ठेवायचे, वर काचेचं झाकण. संध्याकाळी उतरवायचे."

"हे कोणत्या महिन्यात?"

"होळी झाल्यावर. एप्रिल, मे. आमच्याकडे थर त्याच दिवसांत करतात. थंडीत परीक्षा असतात, मोजमाप असतं."

मग नीलेश हळूच म्हणाला, "मे महिन्यात. जळगावला. गच्चीवर. काळ्या पत्र्यावर." या वेळी तो हसत नव्हता.

मॅडम उठून कपाटातून सरांचे शोधनिबंध घेऊन आल्या. प्रत्येकात तीच ओळ होती. थर खोलीच्या तापमानाला, न तापवता चढवला. सर द्रावणाचं तापमान मोजत, ते खाली टेबलावर, मिसळताना. वर नेल्यावर कोणी मोजलं नव्हतं. मीही नाही. उन्हात भाजणारी गच्ची आमच्या दृष्टीने फक्त वास सोडायची जागा होती. जळगावच्या उन्हाची नोंद करायची असते, असं आमच्यापैकी कोणाला वाटलंच नव्हतं.

मग आम्ही बीकर गरम पाण्यात ठेवून पाहिला. चाळीस अंशांना भुकटी. पन्नासला थोडं चिकटलं. साठच्या जवळ गेलो तेव्हा काच बाहेर काढली, नळाखाली धरली, आणि थर जागचा हलला नाही. नीलेशने त्यावर चिकटपट्टी दाबून खसकन ओढली. तरी नाही. मग चढलेला थर नेहमी भाजतात तसा भट्टीत भाजून वायूसमोर धरला तर मीटरवरचा आकडा सरांच्या निबंधातल्यासारखाच पळाला.

मला वाटलं, सुटले. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खूश दिसत नव्हत्या.

"मी हा प्रयोग पूर्वी दोनदा केला होता," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा पीठ. मला वाटलं महाजन सरांनी आकडे फुगवले आहेत. मी कुठे बोलले नाही, पण मनात तेच धरून बसले. तुला बोलावलं तेही तेवढ्यासाठीच." मग म्हणाल्या, "त्यांचे आकडे खरे आहेत. ओळ चुकीची आहे. हे त्यांना कोण सांगणार?"

"मॅडम, तुम्ही सांगितलं तर..."

"मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांग. फोनवर नको, समोर बसून. सांगितलंस की मला कळव, मी तुझ्या अर्जावर सही करते. नाही जमलं तर दुसरा मार्गदर्शक बघ. उद्या माझी चूक सापडली तर ती मलाही तूच सांगायची आहेस. ते ज्याला जमत नाही त्याने माझ्याकडे येऊ नये."

परत

अक्काने शिदोरीत भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा बांधून दिला. बसमध्ये ती उघडली नाही. येताना मला काचांची काळजी होती, आता डबा पायाशी पिशवीत पडला होता आणि त्याच्याकडे माझं लक्षही नव्हतं. कोणत्या शब्दांत सांगायचं ते मी पारोळ्यापर्यंत ठरवत होते आणि पारोळ्यानंतर ते सगळे शब्द खोडत होते. आमच्याकडे गुरूची चूक कोणी तोंडावर काढत नाही. वडील तर सरांसमोर अजून खुर्चीवर बसत नाहीत, आणि सरांना ते आवडत नाही.

शिवाय निरोपसमारंभ जवळ आला होता. त्याचा फलक मी पाहिला होता. सरांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "न तापवता थर चढवणारे खान्देशचे संशोधक." तो मजकूर आम्हा विद्यार्थ्यांनीच लिहून दिला होता.

उतरले ती सरळ सरांच्या घरी गेले. सर दिवाणावर बसून शेंगा सोलत होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "आली का धुळेकरीण? चहा टाकते."

"जमलं?" सरांनी विचारलं.

"जमलं, सर."

"मी म्हटलं नव्हतं? घाई केली असशील आधी."

आता नाही तर मग कधीच नाही, असं वाटलं. मी उभ्या उभ्याच बोलले. "सर, घाई नव्हती. तिथे बीकर आत ठेवला म्हणून पीठ पडलं. साठ अंशांना तापवला तेव्हा थर बसला. आपल्याकडे गच्ची तापवते, सर. ते आपण लिहिलेलं नाही."

शेंग सोलणारा हात थांबला. मग थोड्या चढ्या आवाजात म्हणाले, "वीज तर वापरली नाही ना आपण? ऊन आहे ते! ऊन काय लिहायचं?"

"पण धुळ्याला ते डिसेंबरात नव्हतं, सर."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. सरांनी विचारलं, "चाळीसला काय झालं?" मी सांगितलं. "पन्नासला?" तेही सांगितलं. ते परीक्षेत तोंडी विचारतात तसंच विचारत होते आणि मी तशीच उत्तरं देत होते. शेवटचं उत्तर ऐकल्यावर त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"म्हणजे थंडीत कोणाच्याच हाताने बसला नसता."

"नसता, सर."

"माझ्याही नाही."

सरांनी दाराकडे पाहिलं.

"किशोर आठवतो का?" हे त्यांनी मला नाही, काकूंना विचारलं.

काकूंनी ट्रे खाली ठेवला. मग मला सांगितलं. माझ्या कितीतरी आधी किशोर नावाचा एक विद्यार्थी सरांकडे होता, भडगावचा. घरात पहिलाच शिकलेला. आजारपणामुळे त्याचं वर्ष मागेपुढे झालं आणि तो थर करायला ऐन थंडीत आला. आठवडेच्या आठवडे भुकटीच पडायची. एक दिवस सरांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या हातात हे काम नाही, शिक्षकी बघ. तो शिक्षकही झाला नाही. भडगावला पिठाची गिरणी चालवतो असं कोणीतरी म्हणालं होतं.

"सगळ्यांसमोर बोललो," सर म्हणाले. "काचासुद्धा फेकल्या होत्या मी त्याच्या."

"एवढी वर्षं झाली आता," काकू म्हणाल्या.

"तो फलक बदलायला सांग," सर मला म्हणाले. "ती ओळ काढा. निबंधांची दुरुस्ती मी लिहून पाठवतो, देसलेबाईंचं नाव घालून. त्यांनी शोधलं, त्यांचं नाव पाहिजे. तुझंही." मग चपला शोधू लागले, सापडल्या नाहीत, पुन्हा बसले. "सकाळची भडगाव गाडी अजून आहे का गं, पाचोऱ्यावरून जाणारी?"

"आहे, सर. पण आधी फोन करून बघू का? त्याचा नंबर मिळेल."

"फोनवर नको," सर म्हणाले.

"ओळख तरी दाखवेल का तो?" काकूंनी विचारलं.

"नाही दाखवली तर दळण घेऊन उभा राहीन रांगेत."

काकूंना हसू आलं, पण डोळ्यांना पदर लावून त्या आत गेल्या आणि डब्यातले गहू काढायला लागल्या.

चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन मी बाहेर आले आणि फाटकापाशी उभं राहून मॅडमना फोन लावला.

"सांगितलंस?"

"सांगितलं, मॅडम."

"काय म्हणाले?"

"उद्या भडगावला चाललेत."

"भडगावला? तिथे काय आहे?"

मी म्हटलं, "सरांचा एक जुना विद्यार्थी, मॅडम. तो थंडीत थर करायला आला होता." मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं. सोमवारी ये. आणि येताना थर्मामीटर आणू नको, आमच्याकडे भरपूर आहेत."